मोठ्या जातीचा प्रौढ कुत्रा दत्तक देताना: जाहिरात पाचव्या टप्प्यावर

कुत्रा हाती लागतो, दुसऱ्याच दिवशी त्याचा फोटो सगळीकडे फिरतो, फोन येऊ लागतात आणि ज्याची गाडी आधी दारात उभी राहते त्याच्याकडे कुत्रा रवाना होतो. महिन्याभरात निरोप येतो, "घेऊन जा, आम्हाला जमत नाही." मोठ्या जातीच्या प्रौढ कुत्र्यांबाबत हे इतक्यांदा घडतं, की दर वेळी कुत्र्याला किंवा घराला बोल लावण्यात अर्थ नाही. बहुतेकदा क्रमच चुकलेला असतो. माणसं आधी पसंत केली जातात आणि कुत्रा नंतर कळतो.

लहान चणीच्या कुत्र्याबाबत बरंच काही निभावून जातं. पन्नास किलोच्या रॉटवायलरने आनंदाने मारलेली उडीही एखाद्या आजोबांचं हाड मोडू शकते. शिवाय प्रत्येक परतीनंतर पुढचं घर मिळणं अवघड होतं, कारण पुढच्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आधीच्यांनी का सोडला?"

हा लेख कुत्रा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्यासाठी आहे, मग ते रेस्क्यू करणारे असोत, फॉस्टर (कुत्रा तात्पुरता घरी सांभाळणारे) असोत, की स्वतःचा कुत्रा नाइलाजाने द्यावा लागणारे. स्वतःचाच असेल तर पहिला टप्पा सोडा, बाकीचे सोडू नका.

## १. पहिले दोन आठवडे काहीच ठरवू नका

निवारागृहातून किंवा रस्त्यावरून आलेला कुत्रा सुरुवातीला मूळचा कसा आहे ते दाखवत नाही. एखादा कोपऱ्यात गप्प पडून राहतो आणि लोक म्हणतात, किती शांत! दुसरा सतत भुंकतो, येरझाऱ्या घालतो आणि लोक म्हणतात, याचं काही खरं नाही. दोन्ही निष्कर्ष घाईचे. रेस्क्यू करणाऱ्यांमध्ये तीनचा एक हिशेब चालतो: तीन दिवस भेदरलेपणाचे, तीन आठवडे घराची रीत समजण्याचे, तीन महिने रुळण्याचे. हा अंदाज ढोबळ आहे, सगळ्यांना लागू पडतो असं नाही. पण तिसऱ्या दिवशी 'मुलांमध्ये छान राहतो' असं लिहायला निघालेल्या माणसाला आवरायला तो पुरतो.

शक्य असेल तर कुत्र्याला केनलऐवजी (अनेक कुत्रे पिंजऱ्यांत ठेवतात त्या जागेऐवजी) फॉस्टर घरात ठेवा. केनलमधल्या गोंगाटात तो कसा वागतो यावरून घरात कसा वागेल हे फारसं कळत नाही. एक खोली, जेवणाच्या आणि फिरण्याच्या ठरलेल्या वेळा, पाहुण्यांना मज्जाव. अगदीच गरज नसेल तर आंघोळही पुढे ढकला. घरातले इतर प्राणी या काळात वेगळे ठेवा. एक तर त्याला उसंत मिळते आणि दुसरं म्हणजे संसर्ग असेल तर तो पसरण्याआधी दिसतो.

सावधान: लसीकरणाचा इतिहास माहीत नसलेला कुत्रा कोणाला चावला किंवा त्याचे दात लागून ओरखडा आला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. 'पाळीव दिसतोय' या भरवशावर थांबू नका.

## २. व्हेटकडची तपासणी स्वभावाच्या आधी

हा टप्पा अनेक जण लसीकरणाच्या शिक्क्यापुरता उरकतात. मोठ्या कुत्र्याच्या 'वाईट' वागण्यामागे पुष्कळदा दुखणं असतं, आणि हेच नेमकं लक्षात येत नाही. खुब्याच्या सांध्याचा डिस्प्लेझिया (सांधा नीट न बसण्याचा दोष) असलेला शेफर्ड मागून हात लावला की वळून दात दाखवतो. कानात जुना संसर्ग असलेला लॅब्राडोर डोक्याला हात लावू देत नाही. आधी दुखणं शोधा, मग स्वभाव ठरवा.

व्हेटला निदान एवढं तरी विचारा:

- मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखचिप) आहे का? हे सगळ्यात आधी, बाकी तपासणीला हात लावण्यापूर्वी. स्कॅनरवर १५ अंकी क्रमांक दिसला, तर कदाचित कोणीतरी या कुत्र्याला शोधतंय.
- खुबे, कोपर आणि पाठीचा कणा कसा आहे? चाल पाहून शंका आली तर एक्स-रे.
- रक्त तपासणीत डासांमार्फत पसरणारा हृदयातला जंत आणि गोचिडांमुळे होणारे ताप आहेत का?
- हृदय कसं आहे? डोबरमन आणि ग्रेट डेन यांच्यात हृदयाचा स्नायू पातळ होऊन ते फुगण्याचा आजार जास्त दिसतो.
- वजन आणि शरीराची ठेवण. बरगड्या हलक्या हाताने चाचपल्यावर लागायला हव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत.
- वय. प्रौढ कुत्र्याचं दातांवरून सांगितलेलं वय हा अंदाजच असतो. कागदावर 'अंदाजे' हा शब्द राहू द्या.

निर्बीजीकरण सुपूर्द करण्याआधी उरका. 'नवीन घरचे करून घेतील' हे वचन राहून जातं. नर असेल तर शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात, तोवर निर्बीजीकरण न झालेल्या माद्यांपासून त्याला दूर ठेवा. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड अशा खोल छातीच्या जातींमध्ये जठर फुगून पिळवटण्याचा धोका असतो. निर्बीजीकरणासाठी भूल दिलेलीच असताना जठर पोटाच्या भिंतीला टाचून घ्यावं का, हे व्हेटला विचारा. एका भुलीत दोन कामं होतात.

कोली आणि त्याच्या नात्यातल्या जातींना एका जनुकीय दोषामुळे आयव्हरमेक्टिनची मोठी मात्रा बाधू शकते. खरूज दिसली म्हणून स्वतःच्या अंदाजाने इंजेक्शन देऊ नका, देऊ देऊही नका. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनाही हेच लागू. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन या दोन्हींनी कुत्र्याला विषबाधा होते.

तपासा: अहवाल, लसींच्या तारखा आणि चालू औषधांची यादी एका फाइलमध्ये आली का? ही फाइल कुत्र्याबरोबर जाणार आहे, तिची एक प्रत तुमच्याकडे राहणार आहे.

## ३. नोंदवही: विशेषणं नकोत, प्रसंग लिहा

सगळ्या प्रक्रियेत जास्तीत जास्त वेळ इथे घालवा. पुढचे सगळे निर्णय या वहीतून निघतात.

'आक्रमक', 'प्रेमळ', 'हट्टी' हे शब्द वहीत आलेच तर खोडा. त्यातून नव्या घराला काही कळत नाही. 'अनोळखी पुरुष दारातून आत आला की उभा राहून भुंकतो. माणूस खुर्चीत बसला की थोड्या वेळाने जाऊन वास घेतो, मग खाली बसतो' हे वाचल्यावर मात्र वाचणाऱ्याला आपलं घर आणि आपले पाहुणे डोळ्यांसमोर येतात. काय घडलं, आधी काय झालं होतं, किती अंतरावर, कुत्रा किती वेळात निवळला. या चारही गोष्टी लिहा. निवळायला लागलेला वेळ फार महत्त्वाचा. भुंकून दोन मिनिटांत शांत होणारा आणि तासभर धुसफुसणारा, या दोघांची घरं वेगळी असतात.

शरीराची भाषा ओळखता आली नाही तर या नोंदी फोल. ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, मान फिरवणं, डोळ्यांच्या कडेला पांढरी कोर दिसणं, अंग अचानक ताठ होणं. गुरगुरण्याच्या आधीच्या पायऱ्या या अशा. शेपटी हलते म्हणजे कुत्रा खूश, हे खरं नाही. ताठ आणि उंच धरलेली शेपटी बारीक बारीक थरथरत असेल तर दोन पावलं मागे या.

सावधान: गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही शिक्षा करू नका. गुरगुरणं ही पूर्वसूचना असते. मार खाऊन ती देणं बंद केलेला कुत्रा थेट चावतो, आणि मग लोक म्हणतात, 'काही कारण नसताना चावला.'

या बाबींची स्वतंत्र पानं करा:

हाताळणी. पंजा, कान, तोंड, शेपटीचं मूळ. कुठे हात लावू देतो, कुठे काढून घेतो? पुसताना, पट्टा घालताना काय करतो? ६० किलोच्या कुत्र्याला धरून ठेवून औषध पाजता येत नाही, तेव्हा त्याची संमती लागतेच.

वस्तूंची राखण. खाताना कोणी जवळून गेलं तर खाण्याचा वेग वाढतो का, अंग ताठ होतं का? मुद्दाम वाडग्यात हात घालून 'परीक्षा' घेऊ नका. त्याने राखणीची सवय नसलेल्यालाही ती लागते. दुरून पाहिलं तरी पुरेसं कळतं. बिछान्याची, सोफ्याची किंवा एखाद्या माणसाची राखण करणारेही असतात. ते खाण्याच्या राखणीपेक्षा उशिरा लक्षात येतं.

इतर कुत्रे. लीशवर (हातात धरायच्या दोरीवर) असताना आणि मोकळं असताना असं वेगवेगळं लिहा. लीशवर थयथयाट करणारा कुत्रा मोकळ्या जागेत नीट वागतो, असं बरेचदा दिसतं. मोठ्या कुत्र्यांबाबत उंचीतला फरकही लिहा. बरोबरीच्या कुत्र्याशी खेळणारा इवल्याशा कुत्र्याला शिकार समजू शकतो.

मांजर आणि लहान प्राणी. टक लावून बघणं, अंग गोठणं, हाक मारली तरी मान न वळणं असं दिसलं तर उत्तर 'नाही'. 'बहुधा चालेल' असं लिहू नका.

एकटेपणा. मोबाइल किंवा कॅमेरा लावून आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास बाहेर जा. रेकॉर्डिंग पाहिल्याशिवाय 'एकटा राहतो' असं लिहू नका. दार ओरबाडणारे बरेच कुत्रे मालक परतण्याआधी दमून झोपलेले असतात.

लीश, गाडी, जिना, लिफ्ट. चिमुकल्याला उचलून नेता येतं, याला नाही. गाडीत स्वतः चढतो का? गुळगुळीत फरशीवर अडतो का? कोणत्या वजनाचा माणूस त्याला रोखू शकतो? हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहा.

मुलं. यासाठी कोणाचंही मूल आणून चाचणी घेऊ नका. रस्त्यावर दुरून मुलांचा आवाज आला, चेंडू घरंगळत गेला, तेव्हा काय करतो ते पाहा. वरची हाताळणीची आणि राखणीची पानं त्याच्याशी जोडून वाचा. शंका उरली तर लहान मुलांचं घर यादीतून काढून टाका.

चावण्याचा इतिहास. असेल तर लपवू नका आणि 'एकदा चावला होता' इतक्यावर सोडूही नका. प्राणीवर्तनतज्ज्ञ इयन डनबार यांची सहा पातळ्यांची मोजणी इथे उपयोगी पडते. पहिल्या पातळीत दात अंगाला लागतच नाहीत. दुसरीत दात लागतात, पण जखम खोल जात नाही. तिसरीत एकाच चाव्याच्या एक ते चार खुणा असतात आणि त्या सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा उथळ असतात. चौथीत त्यातली निदान एक खूण निम्म्या लांबीपेक्षा खोल असते. पाचवीत असे खोल चावे अनेक असतात, सहावीत जीव गेलेला असतो. माझं स्पष्ट मत: चौथ्या पातळीपासून पुढचा मोठा कुत्रा सर्वसाधारण घरात दत्तक देण्याचा विचार वर्तनतज्ज्ञ व्हेटशी बोलल्याशिवाय करू नये. माया कितीही असली तरी.

## ४. अटी ठरवा, फोन येण्याआधी

वही समोर ठेवून कागदावर तीन रकाने पाडा.

पहिल्यात तडजोड नाही अशा गोष्टी. त्या दोन-चारच असाव्यात. उदाहरणार्थ: घरात मांजर नको. बारा वर्षांखालची मुलं नकोत. घरातल्या एका तरी प्रौढाला ४५ किलो ओढ पेलता यावी.

दुसऱ्यात तयारीने जमेल अशा गोष्टी: जिना आहे, पण लिफ्टही आहे, कुंपण उघडं आहे, पण महिन्याभरात बांधणार आहेत, आधी कुत्रा पाळलेला नाही, पण प्रशिक्षकाकडे जायची तयारी आहे.

तिसऱ्यात असेल तर उत्तम. अंगण, आधीचा अनुभव, घरून काम करणारं माणूस वगैरे.

सर्रास होणारी चूक म्हणजे तिसऱ्या रकान्यातल्या गोष्टी पहिल्यात टाकणं. 'बंगलाच हवा' ही त्यातली सगळ्यात लाडकी अट. अंगणामुळे व्यायाम होतो हा गैरसमज आहे. एकटा सोडलेला कुत्रा अंगणात दाराशी बसून राहतो. प्रौढ ग्रेट डेन दिवसाचा मोठा भाग झोपून काढतो. रोज दोनदा नेमाने फिरवणाऱ्या लहानशा फ्लॅटमध्ये तो सुखाने राहतो. उलट तरुण हस्कीला कमी उंचीच्या कुंपणाचं प्रशस्त आवार दिलंत तर तो त्यावरून उडी मारेल नाहीतर खालून खणून जाईल.

हा कागद आधी लिहायचं कारण साधं आहे. फोनवर गोड बोलणारा माणूस भेटला की अटी आपोआप सैल होतात. लिहिलेल्या असल्या की निदान सैल करताना लाज वाटते.

## ५. जाहिरात

आता फोटो टाका. तीन पुरेत. एक पूर्ण उभा, शेजारी माणूस, म्हणजे आकार कळेल. एक चेहऱ्याचा. एक छोटा व्हिडिओ, लीशवर चालतानाचा.

मजकुरात वय, वजन, निर्बीजीकरण, तब्येत आणि पहिल्या रकान्यातल्या अटी. 'आज घर मिळालं नाही तर...' छापाची भावनिक धमकी टाळा. तिने फोन भरपूर येतात, पण ते दया आलेल्यांचे असतात आणि दया आठवड्याभरात ओसरते. खोड सांगितली तर कोणी घेणार नाही, ही भीती अनाठायी असते. फोन कमी येतील, पण जे येतील त्यांच्याशी बोलण्यात वेळ वाया जाणार नाही.

'फुकट' हा शब्दही नको.

## ६. फोनवरचं बोलणं

ज्या प्रश्नांचं उत्तर 'हो' असं देता येतं ते विचारू नका. 'वेळ देऊ शकाल ना?' याला कोण नाही म्हणेल? त्याऐवजी असे प्रश्न विचारा:

"कालचा दिवस उठल्यापासून सांगा. घरात कोण किती वाजता असतं?"

"आधीच्या कुत्र्याचं पुढे काय झालं?" म्हातारपणी गेला, हे उत्तर चांगलं. 'गावाकडे पाठवला', 'कोणाला तरी दिला' असं असेल तर आणखी विचारा. हरवला असेल तर कसा ते विचारा.

"घरात कुत्र्याबद्दल सगळ्यात कमी उत्साह कोणाला आहे?" माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न हाच. प्रत्येक घरात असं एक माणूस असतं आणि कुत्रा परत येतो तो बहुधा त्याच्यामुळे. त्याच्याशी स्वतंत्र बोला.

"तो तुमच्यावर गुरगुरला तर काय कराल?" 'एक ठेवून देईन, पुन्हा करणार नाही' हे उत्तर आलं की बोलणं सौजन्याने संपवा.

"तीन वर्षांनी त्याला जिना चढता आला नाही तर?" मोठ्या जाती लवकर म्हाताऱ्या होतात. ग्रेट डेनचं आयुष्य साधारण सात ते दहा वर्षं असतं. सहा वर्षांचा डेन घेणारा माणूस ज्येष्ठ नागरिक घरी आणतो आहे, हे त्याला ठाऊक असायला हवं.

ताबडतोब नकार देण्यासारखी कारणं मोजकी: गोदामावर किंवा बांधकामावर राखणीला हवा, कोणाला आश्चर्याची भेट म्हणून द्यायचा आहे, दिवसभर साखळीला बांधणार, निर्बीजीकरण झालंय म्हटल्यावर उत्साह मावळला, आजच हवा. शेवटचं कारण अनेकांना जाचक वाटतं. पण जो आठवडाभर थांबू शकत नाही तो तीन महिने रुळण्याची वाट कशी पाहील?

नोकरी करणारं जोडपं, एकटं राहणारं माणूस, पहिल्यांदाच कुत्रा पाळणारे यांना केवळ तेवढ्यावरून बाद करू नका. शिकायला तयार असलेला नवखा मला 'आमच्याकडे नेहमीच शेफर्ड होते' म्हणणाऱ्यापेक्षा पुष्कळदा बरा वाटतो. नवखा विचारतो तरी.

तपासा: भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी लेखी आहे का? इमारतीचे नियम पाहिले का? घर बदलावं लागलं तर काय, हे विचारलं का?

## ७. भेटी, ठरलेल्या क्रमाने

पहिली भेट कुत्र्याच्या ओळखीच्या जागी, फक्त घरातल्या प्रौढांशी. पाहुण्यांनी कुत्र्याकडे बघू नये, हात पुढे करू नये, वाकू नये. बसून राहावं आणि त्याला येऊ द्यावं. किती वेळाने आला ते लिहा. मग त्यांच्या हातात लीश देऊन सोबत फिरायला जा. माणूस ओढ पेलतो का, हे इथे दिसतं आणि चिडल्यावर तो लीशला हिसके देतो का, हेही दिसतं.

दुसऱ्या भेटीत उरलेले सगळे. घरात मुलं असतील आणि अटीत बसत असतील तर आता. मूल कुत्र्याशी कसं वागतं त्याहून आईवडील मुलाला कसे थांबवतात ते पाहा.

घरात आधीचा कुत्रा असेल तर त्याच्याशी ओळख दोघांपैकी कोणाचंही घर नसलेल्या जागी. दोन माणसं, दोन कुत्रे, रस्त्याच्या दोन कडांनी एकाच दिशेने चालायचं. दोघे एकमेकांकडे बघून पुन्हा जमीन हुंगायला लागले की अंतर थोडं कमी करायचं. समोरासमोर आणून नाकाला नाक लावणं, तेही लीश ताणलेल्या असताना, ही भांडणाची खात्रीशीर कृती आहे. एका चालण्यात जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. घाई करणाऱ्यांना इथेच कंटाळा येतो आणि तो वेळेत कळतो, हे बरंच आहे.

सावधान: आणीबाणीसाठी मझल (तोंडाला घालायची मुसकी) लागणार असेल तर ती आधीच सवयीची करा. जाळीची, तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल अशी घ्या. तोंड आवळून धरणारी कापडी मझल अगदी थोड्या वेळापुरतीच. तापलेल्या दिवशी ती जिवावर बेतू शकते, कारण कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो.

## ८. घर पाहणी

सरप्राइझ छापा नको. वेळ ठरवून जा आणि कुत्र्याशिवाय जा. कुत्र्याच्या उंचीवरून घर बघा. ओट्यावर नाक पोचतं का? बाल्कनीचा कठडा किती उंच आहे, त्याला पाय ठेवायला जागा आहे का? मुख्य दार उघडलं की थेट रस्ता का? असेल तर आत एक लाकडी फाटक बसवायला सांगा. कुंपणाचा तळ हाताने हलवून पाहा. फरशी गुळगुळीत असेल आणि कुत्र्याचे सांधे दुखरे असतील तर चालण्याच्या वाटेवर सतरंज्या लागतील. झोपायची जागा येण्याजाण्याच्या वाटेवर नको. झोपेत दचकून चावणारे कुत्रे असतात.

जवळचा व्हेट कुठे आहे, रात्री उघडा दवाखाना कोणता, हे त्यांना विचारा. खोल छातीचा कुत्रा असेल तर जठर पिळवटल्याची लक्षणं तोंडपाठ करून घ्या: पोट फुगणं, उलटीचे उमाळे येऊनही काही न पडणं, लाळ, अस्वस्थ येरझाऱ्या. यात सकाळपर्यंत थांबायचं नसतं.

## ९. चाचणी मुक्काम आणि करार

दोन ते चार आठवड्यांचा चाचणी मुक्काम द्या. या काळात कुत्र्याची जबाबदारी आणि वैद्यकीय निर्णय तुमचे. करार साध्या भाषेत, पानभर. त्यात पाच गोष्टी असल्याच पाहिजेत: कुत्रा परत द्यायचा असेल तर तो तुमच्याकडेच यायचा, कधीही. परस्पर दुसऱ्याला द्यायचा नाही. साखळीला कायम बांधायचा नाही. चावण्याची घटना किंवा हरवणं लगेच कळवायचं. आणि तुम्ही सांगितलेल्या खोडी त्यांनी वाचल्याची सही.

मुक्काम संपून घर पक्कं झालं की मायक्रोचिपची नोंद त्यांच्या नावावर करा. तोवर ती तुमच्या नावावर राहू द्या.

## १०. सुपूर्द करण्याचा दिवस

कुत्रे पळून जाण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि पळतात ते दारातून, गाडीतून किंवा सैल पट्ट्यातून. म्हणून दोन लीश वापरा: एक छातीभोवती घालायच्या हार्नेसला, एक ओढल्यावर आवळणाऱ्या मार्टिंगेल पट्ट्याला. गळ्यात नाव नको, फोन नंबर हवा. गाडीचं दार उघडण्याआधी लीश हातात.

सकाळी द्या. संध्याकाळी दिलेल्या कुत्र्याची पहिलीच रात्र अनोळखी अंधारात जाते आणि काही बिनसलं तर फोन घ्यायला तुम्ही जागे नसता. निघण्याआधी काही तास पोटभर जेवण नको. बरोबर त्याचं अंथरूण न धुता पाठवा, चालू आहार आठवडाभर पुरेल इतका द्या. आहार बदलायचा असेल तर पाऊण जुना, पाव नवा असं सुरू करून सात दिवसांत.

घरी पोचल्यावर आधी बाहेर फिरवून लघवी, मग लीशवरच घर दाखवायचं, मग त्याची खोली. त्या दिवशी शेजारी, मित्र, नातेवाईक कोणीही नको. फोटो काढायला सुद्धा नको.

तपासा: फाइल, औषधं, दोन्ही लीश, मझल, आहार, नोंदवहीची प्रत. आणि तुमचा नंबर त्यांच्या घरातल्या प्रत्येक प्रौढाच्या फोनमध्ये, त्या कमी उत्साही माणसाच्याही.

## ११. पाठपुरावा

पहिल्या रात्री, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने, तीन आठवड्यांनी, तीन महिन्यांनी. 'सगळं ठीक ना?' असं विचारलंत तर 'हो, मस्त' असंच उत्तर येतं. "आज किती वेळा गुरगुरला?" "कोणत्या खोलीत जायला घाबरतो?" "रात्री कुठे झोपला?" असं विचारा.

तिसऱ्या आठवड्याचा फोन चुकवू नका. साधारण याच सुमारास कुत्रा घर आपलं मानू लागतो आणि आजवर दबलेल्या सवयी वर येतात: दारावर भुंकणं, सोफ्यावरून न हलणं, पाहुण्याला अडवणं. घरच्यांना वाटतं, कुत्रा बिघडला. तुमच्या नोंदवहीत यातलं बरंचसं लिहिलेलं असतं. ते पान त्यांना उघडायला सांगा, आणि गरज असेल तर बक्षीस देऊन शिकवणाऱ्या प्रशिक्षकाकडे पाठवा. विजेचा झटका देणारे पट्टे, उलथा पाडून छातीवर दाबून धरणं असले 'उपाय' सुचवणाऱ्याकडे नको. भेदरलेल्या मोठ्या कुत्र्याबरोबर असं करणाऱ्याचा चेहरा त्याच्या दातांपाशीच असतो.

## १२. परत आला तर

"घेऊन जा" म्हटल्यावर वाद घालू नका, दोष देऊ नका, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. चिडलेल्या घरात ठेवलेला मोठा कुत्रा रात्रीतून रस्त्यावर सोडला जाऊ शकतो. आधी कुत्रा ताब्यात घ्या, मग दोन दिवसांनी शांतपणे फोन करून विचारा: नेमकं काय झालं, केव्हा, कोणासमोर. लोक रागात 'आक्रमक आहे' म्हणतात, दोन दिवसांनी प्रसंग सांगतात. तुम्हाला प्रसंग हवा आहे.

तो वहीत उतरवा. तीन रकान्यांचा कागद पुन्हा काढा. बहुतेकदा दुसऱ्या रकान्यातली एखादी गोष्ट पहिल्यात हलवावी लागते. वागणं अचानक बदललं असेल तर आधी व्हेट, कारण मधल्या काळात नवीन दुखणं सुरू झालेलं असू शकतं. यादीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या घराला त्याच संध्याकाळी फोन लावण्याचा मोह होईल. तो आवरा, जुनी जाहिरात काढून टाका आणि पहिल्या टप्प्यापासून पुन्हा दोन आठवडे मोजा.